शंभर मोजेपर्यंत

"कुंकू तूच लाव ग नेहा. तिच्या हातचं नको. पाहिलेस ना, कसे झालेत?"

मी दाराच्या अलीकडे होते, शीलाकाकू पलीकडे, मध्ये एक पातळ पडदा. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, ग्वाल्हेरच्या दौलतगंजात, काकूंच्या घरी. काकू म्हणजे बाबांच्या जुन्या मित्राची बायको. मला त्या माझ्या जन्मापासून ओळखतात. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच चांदीची कुयरी माझ्या हातात दिली होती: "जा बाळ, सगळ्यांना कुंकू लाव." कुयरी घेताना माझा हात उजेडात आला असणार.

नेहा, त्यांची सून, पडदा सारून बाहेर आली. बिचारीच्या चेहऱ्यावर आधीच हसू तयार होतं.

"द्या ना दीदी, मी करते. तुम्ही आरामात बसा."

मी कुयरी दिली, पण बसले नाही. बायकांनी पिऊन ठेवलेले सरबताचे ग्लास गोळा करत राहिले. त्याला कोणाची हरकत नव्हती. उष्टे ग्लास उचलायला माझे हात चालत होते.

भिंतीशी खुर्चीवर माझी आत्या बसली होती, बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहते. तिने तिळगूळ तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच थांबला होता. म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

थाटीपुरला आमच्या घरी परत यायला आम्ही रिक्षा केली. आत्या समोर बघत म्हणाली, "चैत्रात आपल्या घरी हळदीकुंकू करू. कुंकू तू लावशील. मी बघते तुझे हात कसे स्वच्छ होत नाहीत ते."

तेव्हा मला ते प्रेम वाटलं. होतंही. पण त्या दिवसापासून माझे हात माझे राहिले नाहीत.

*

मला चामखिळी झाल्या होत्या. अकरा. आठ उजव्या हाताला, तीन डाव्या. हिंदीत त्यांना मस्से म्हणतात आणि इथे ग्वाल्हेरला बाहेर तोच शब्द ऐकू यायचा. 'चामखीळ' हा शब्द मी पहिल्यांदा आत्याच्या तोंडून ऐकला. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी माझी घरातली, स्वयंपाकघरातली भाषा. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण जे झालं ते याच भाषेत झालं.

पहिली आली तर्जनीच्या नखाशेजारी, मोहरीएवढी. परीक्षेचे दिवस होते, वाचताना मी ती दुसऱ्या नखाने कुरतडायची. पुढे कळलं की कुरतडल्याने त्या पसरतात. वर्षभरात त्या बोटांच्या सांध्यांवर, अंगठ्याखाली, मनगटाजवळ आल्या. दुखत नव्हत्या. नुसत्या दिसत होत्या, आणि माझ्यासारखीला तेवढं पुरेसं होतं.

मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. पुस्तकावर शिक्का मारायचा आणि पुस्तक पुढे सरकवायचं, हे माझं काम. बाही बोटांपर्यंत ओढून पुस्तक कसं सरकवायचं हे मी शिकून घेतलं होतं. मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कुर्ते. लोक हात बघतात तेव्हा नजर कशी फिरवतात ते मला पाठ झालं: आधी हात, मग चेहरा, मग पुन्हा हात, मग पुस्तक पकडायची जागा बदलतात.

त्वचेच्या डॉक्टरांनी एक मिनिटही घेतलं नाही. "वायरल है, कॉमन है. लगाने की दवा देता हूँ. कभी अपने आप भी चले जाते हैं, कभी लौट आते हैं." बाकीचं सगळं दिलासा देणारं होतं. मला ऐकू आला तो एकच शब्द, वायरल. आईलाही तोच ऐकू आला असावा. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये एक नवा पिवळा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगलेला होता. डॉक्टरांनीच वेगळा टॉवेल सांगितला होता, आईचं काही चुकलं नव्हतं. कोणी काही बोललंही नाही. पण घरात सगळे टॉवेल पांढरे आणि एकच पिवळा.

ते औषध मी दोन महिने लावलं. तीन गेल्या, चार नव्या आल्या.

*

संक्रांतीनंतर जेवणाच्या टेबलावर माझा हात हा रोजचा विषय झाला.

"मशीनने जाळून घ्या आणि मोकळे व्हा," बाबा म्हणायचे. ते सरकारी इंजिनिअर, त्यांना सगळं एका दिवसात पूर्ण झालेलं आवडतं.

"मशीन वरून जाळतं, मूळ राहतं," आत्या म्हणायची. "क्षाराने मुळापासून जाते. आपल्याकडे हजारो वर्षं करून राहिले लोक."

"हजारो वर्षं लोक देवीने पण मरत होते, ताई."

"तू तर बोलूच नको. तुझी मूळव्याध कोणी बरी केली?"

बाबांनी आमटी वाढून घेतली. आई म्हणाली, "दोघांचं थोडं थोडं ऐकू या ना." मी पोळी खात होते. माझ्याच हाताने. मला काय हवं आहे हे कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी "काहीही चालेल" म्हटलं असतं. चोवीस वर्षं मी तेच म्हणत आले होते. शाळेत हात वर करून वाट बघायची सवय लागली, की पुढे मनातल्या मनात हात वर करून माणूस नुसताच बसून राहतो.

मूळव्याधीचा मुद्दा बिनतोड होता. बाबांना ज्यांनी बरं केलं त्याच वैद्यांकडे आम्ही गेलो.

*

फूलबागेजवळच्या गल्लीत त्यांचं छोटं क्लिनिक आहे. पन्नाशीच्या बाई, आयुर्वेदात रीतसर शिकलेल्या, बोलणं हिंदीत. खोलीला तूप आणि जळक्या कापसाचा वास होता. त्यांनी माझा हात उलटासुलटा करून बराच वेळ पाहिला, भिंगातून पाहिला, एका चामखिळीच्या रंगावरून दोन प्रश्न विचारले. मग आत्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा म्हणाल्या, "आप नहीं दीदी. ये बताएगी."

मी सांगितलं. थोडंच.

त्यांचं काम असं होतं. चामखिळीभोवती तूप लावायचं, म्हणजे चांगली कातडी वाचते. मग काचेच्या काडीने वनस्पतींच्या राखेतून काढलेला क्षार फक्त चामखिळीवर ठेवायचा आणि शंभर मोजायचं. शंभर मात्रा, असं त्या म्हणाल्या. मग लिंबाच्या रसाने पुसून धुवायचं. जाडसर चामखिळींना तापवलेल्या धातूच्या सळईचा टोकाएवढा स्पर्श, आणि वर कोरफडीचा गर. पोटात घ्यायला कडू गोळ्या. "एक बार में दो-तीन ही करूँगी," त्या म्हणाल्या, "और सब जाएँगे ये वादा नहीं करती."

मोजणं त्या स्वतः करत, पुटपुटत. पहिल्या वेळी चाळीसच्या आसपास मुंग्या आल्या, सत्तरला आग सुरू झाली. मी ओठ दाबले. त्यांनी मोजणं न थांबवता माझ्याकडे पाहिलं, आणि नव्वदलाच पुसून टाकलं.

"जलन हो रही थी?"

"थोड़ी."

"तो बोला क्यों नहीं? गिनती मेरे लिए है, बेटा. असली घड़ी तुम्हारी ज़बान है."

दोन आठवड्यांत तीन चामखिळी काळ्या पडून गळल्या. मला आशा वाटू लागली. आत्याला आत्मविश्वास.

*

आता ते लिहिते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

फेब्रुवारीतला रविवार होता. बाबा आणि आई एका लग्नाला गेले होते. आत्या म्हणाली, "दोन दोन आठवडे थांबायचं, एका वेळी दोनच. अशाने चैत्र येऊन जाईल. त्यात काय आहे, मी दोनदा पाहिलं ना बसून."

तिने घरीच लेप केला. चुना होता त्यात, आणि किराण्याच्या दुकानातला एक खार. प्रमाण मी मुद्दाम लिहीत नाही. मागच्या व्हरांड्यात ऊन होतं. तिने माझा उजवा हात पाटावर ठेवला, तूप लावलं, आणि अंगठ्याखालच्या सगळ्यात मोठ्या चामखिळीवर लेप ठेवला. काचेच्या काडीऐवजी चमचा होता, म्हणून लेप चामखिळीपेक्षा बराच मोठा बसला.

"मोजते," मी म्हटलं.

"आकडे काय मोजायचे? देवाचं नाव घेऊ. तेवढाच वेळ होतो."

आणि तिने तिचं रोजचं स्तोत्र सुरू केलं.

तेवढाच वेळ होत नाही. ते स्तोत्र आमच्या घरात रोज सकाळी होतं, मला अर्थ न कळता पाठ आहे. तिसऱ्या श्लोकाला मुंग्या आल्या. पाचव्याला आग सुरू झाली, वैद्यांकडची नाही, वेगळीच, आत उतरणारी. मी हात जरा हलवला. आत्याने डोळे न उघडता तळहात वर केला: थांब. स्तोत्र मध्येच सोडत नाहीत आणि मध्ये बोलतही नाहीत. हे आमच्याकडे इतकं पक्कं आहे की एकदा दूध उतू जात असताना तिने हातवारे करून मला गॅस बंद करायला लावला होता.

मला स्तोत्र पाठ होतं, म्हणून किती उरलंय तेही कळत होतं. अजून नऊ श्लोक. अजून सात. दुसरा हात मोकळा होता. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता. तोंडही माझंच होतं. मी दात आवळून फलश्रुतीपर्यंत बसले, कारण आत्या प्रार्थना करत होती आणि ती माझ्यासाठीच करत होती.

तिने नमस्कार करून डोळे उघडले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तांब्या उपडा केला. लेप निघाला, त्याच्याबरोबर कातडीही. खाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा आधी पांढरी दिसली, मग काळपट.

*

इस्पितळाच्या अपघात विभागात ड्रेसिंग करणाऱ्या माणसाने जखम बघून विचारलं, "ये किसने किया?"

आत्या माझ्या शेजारी उभी होती. ओढणीचं टोक दोन्ही मुठींत धरून.

"मैंने," मी म्हटलं.

"पढ़ी-लिखी होकर?" तो म्हणाला आणि कापसाने साफ करू लागला.

मग तीन आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग. नंबर लावायचा, लाकडी बाकावर बसायचं, आधीच्या माणसाचं ओरडणं ऐकायचं, मग आपण जायचं. त्या बाकावर मी पुष्कळ बघितलं. एक म्हातारे गृहस्थ दर वेळी आत जाण्याआधी सगळ्यांना सांगायचे, "मैं चिल्लाऊँगा, कोई घबराना मत," आणि खरंच मोठ्याने ओरडून हसत बाहेर यायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

घरी बाबा आत्याला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. आत्या त्या दिवशी जेवली नाही. पण त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी घरात स्तोत्र झालं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, "ताईंना सांग ना काहीतरी. तूच सांगू शकशील." म्हणजे जळलेला हात माझा आणि समजूत काढायचीही मीच. मला राग आला. खूप राग आला, आणि तो नक्की कोणावर ते शोधायला मला बरेच दिवस लागले. आत्यावर होता. काकूंवर होता. आणि तांब्याकडे बघत बसलेल्या माझ्यावर होता.

चौथ्या दिवशी मी आत्याच्या खोलीत गेले. समजूत काढली नाही. म्हटलं, "आत्या, तू चूक केलीस. मला पाचव्या श्लोकापासून आग होत होती आणि मी बोलले नाही, ती माझी चूक. आता स्तोत्र म्हणत जा. पण माझ्या हातावर पुन्हा कधी म्हणू नको."

ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, "पाचव्यापासून? मूर्ख मुली, मग लाथ नाही का मारायची मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोत्र झालं.

*

बाबांनी गृहीत धरलं होतं की आयुर्वेद संपला. जखम भरल्यावर त्यांनी मशीनवाल्या डॉक्टरांची वेळही घेतली. मला न विचारता.

"मी वैद्यांकडेच जाणार," मी म्हटलं. "एकटी."

"इतकं होऊन?"

"बाबा, त्यांनी नाही जाळलं. घरच्यांनी जाळलं."

आमच्या घरात असं वाक्य कोणी बोलत नाही. बाबांनी पेपर वर केला आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

वैद्यांनी डाग पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या रागावल्या, माझ्यावरही. मग विचारलं, "अब तुम क्या चाहती हो? छोड़ना चाहो तो छोड़ दो. ये जानलेवा बीमारी नहीं है."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, की सोडूनही देता येतं. मी विचार केला. खुर्चीत बसून, त्यांना ताटकळत ठेवून, पूर्ण विचार केला. "करना है," मी म्हटलं. "पर गिनूँगी मैं."

मी मराठीत मोजलं, मोठ्याने. एक, दोन, तीन. बाहेरच्या बाकावरच्या लोकांना ऐकू जात असणार. बासष्टला आग उठली.

"बस," मी म्हटलं.

लिंबाचा रस लागला. थंड वाटलं. "शाबाश," त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. शंभर झाले नव्हते, तरी ती चामखीळ पुढच्या आठवड्यात गळली.

*

तुमच्या हातावर चामखिळी असतील तर मला इतकंच माहीत आहे: आधी शिकलेल्या माणसाला दाखवा, कारण प्रत्येक गाठ चामखीळ नसते. मग ज्या उपचारावर तुमचा भरवसा असेल तो घ्या. माझ्या कशाने गेल्या ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. क्षाराने गेल्या असतील, गोळ्यांनी, किंवा त्यांची जायची वेळ झाली असेल. वैद्यही हसून हेच म्हणाल्या. टॉवेल वेगळा ठेवा, हवा तर पिवळा ठेवा. कुरतडू नका. घरी काहीही उकळून, कालवून, भाजून लावू नका, मग ते करणारं माणूस तुमच्यावर कितीही जीव टाकत असो. आणि आग होत असेल तर समोरचा देवाचं नाव घेत असला तरी बोला.

बाह्या वर करायला मला औषधापेक्षा जास्त दिवस लागले. लायब्ररीत पहिल्या दिवशी एका मुलीने डागाकडे बोट दाखवून विचारलं, "मैम, ये क्या हुआ?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ओह," आणि पुस्तक घेऊन गेली. दोन वर्षं ज्या क्षणाला मी भ्यायले होते तो एवढाच होता.

*

चैत्रात आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये हळदीकुंकू झालं. गौर झोपाळ्यावर बसली, आईने आंब्याची डाळ वाटली, पन्ह्याला बर्फ आणला. माझ्या अकरापैकी नऊ गेल्या होत्या. डाव्या हातावरच्या दोन हट्टी होत्या, त्यांच्यावर मी चिकटपट्टी लावली होती. आणि उजव्या अंगठ्याखाली तो डाग, कोणत्याही चामखिळीपेक्षा दहापट मोठा, गुलाबी, चकाकणारा.

दुपारी आत्या माझ्या खोलीत मेंदीचा कोन घेऊन आली. "डागावर एक फूल काढू? छान दिसेल."

"नको."

"मग असं कर, पन्हं तू दे. कुंकू आई लावेल. उगीच कोणी काही बोलायला नको तुला." तिने कुयरी स्वतःच्या हातात घट्ट धरली होती. संक्रांतीला मला कुंकू लावायला मिळालं नाही म्हणून जिने हे सगळं सुरू केलं, तीच आता मला लपवत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती. मी हात पुढे केला आणि वाट बघितली. आत्याने कुयरी दिली.

बायका आल्या. मी एकेकीला कुंकू लावत गेले. कोणी पाहिलं, कोणी नाही. मग शीलाकाकू आल्या, नेहा मागे. काकू सतरंजीवर बसल्या, मी समोर वाकले आणि करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. काकूंची नजर डागावर गेली, मग माझ्या चेहऱ्यावर, मग पुन्हा डागावर. त्यांचं कपाळ बोटभर मागे गेलं. फक्त बोटभर. माझ्याशिवाय कोणाला दिसलंही नसतं.

उजवा हात साफ बरा झालाय, डॉक्टरांनी पाहिलाय, उरलेल्या दोन डाव्या हाताला आहेत आणि त्या झाकलेल्या आहेत, हे सगळं मी सांगू शकले असते. सांगावंसं वाटलं नाही. खोलीत पंखा फिरत होता. आत्या पन्ह्याचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. मी बोट तसंच कपाळासमोर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"काकू, संक्रांतीला मी पडद्यापाशीच उभी होते. माझ्या घरी कुंकू माझ्याच हातचं आहे. नको असेल तर डाळ आहे, पन्हं आहे, निवांत बसा. पण हात मी मागे घेणार नाही."